व्हीव्हीटीचा वॉल्व्ह बदलायच्या आधी तपासायचा कसा

सोलापूर, जुना पुणे नाका. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करणाऱ्या गाड्या या भागातल्या गॅरेजात येतात आणि आत्ता समोर उभी असलेली पेट्रोल गाडी सिग्नलला थांबली की थरथरते, कधी बंदच पडते, अ‍ॅव्हरेज पण उतरलंय. स्कॅनर लावला तर कोड आला पी ००११, म्हणजे इनटेक कॅम (इनटेक वॉल्व्ह उघडणारा दांडा) पाहिजे त्यापेक्षा पुढं गेलाय, इनटेक वॉल्व्ह लवकर उघडतोय, आणि आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, जळालेला गॅस आतच राहतोय म्हणून इंजिन थरथरतंय.

हा कोड दिसला की बरेच जण सरळ व्हीव्हीटीचा, म्हणजे कॅमचं टायमिंग पुढं-मागं करणाऱ्या यंत्रणेचा, नवीन ऑइल कंट्रोल वॉल्व्ह मागवतात, मालकाचे पैसे जातात आणि दोष निघतो ऑइलचा, हे फार वाईट वाटतं कारण तपासायला अर्धा तास पण लागत नाही.

हा वॉल्व्ह म्हणजे बोटाएवढा भाग. एका टोकाला कॉइल, दुसऱ्या टोकाला आत सरकून ऑइलची वाट बदलणारा स्पूल. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, कॉइलला करंट देतो, स्पूल सरकतो, ऑइल कॅमच्या टोकावरच्या फेजरमध्ये एका कप्प्यात शिरतं आणि कॅम थोडा फिरतो. सगळं काम ऑइलच्या प्रेशरवर, म्हणून मिस्त्री आधी डिपस्टिक बघतात. इथं ऑइल काळंकुट्ट, लेव्हल पण खाली.

आता मल्टीमीटर. कनेक्टर काढायचा आणि दोन पिनांवर ओहम मोजायचे. टोयोटाच्या बऱ्याच इंजिनांना २० डिग्रीला ६.९ ते ७.९ ओहम दिलेत, दुसऱ्या कंपनीचा आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. आणि सोलापुरात हे नीट लक्षात ठेवा, तांब्याचा रेझिस्टन्स उष्णतेनं वाढतो, तोच चांगला कॉइल ८० डिग्रीच्या गरम इंजिनवर साडेआठ ते पावणेदहा ओहम दाखवेल आणि चांगला वॉल्व्ह फेकला जाईल, त्यामुळं सकाळी थंड इंजिनवरच मोजा. मीटर ओपन दाखवत असेल तर कॉइल तुटलाय, शून्याजवळ असेल तर शॉर्ट. पिन आणि वॉल्व्हच्या बॉडीमध्ये कंटिन्युइटी, म्हणजे करंटला वाट, येता कामा नये.

या गाडीचा कॉइल ठीक निघाला. मग इंजिन चालू करून कनेक्टर काढलेला ठेवला, आता स्प्रिंगनं स्पूल मागं जाऊन आयडल शांत व्हायला पाहिजे होतं, पण थरथर तशीच. चांगल्या वॉल्व्हला अशा वेळी थेट १२ व्होल्ट दिले तर इंजिन लगेच खडबडतं किंवा बंद पडतं. इथं काहीच फरक नाही, म्हणजे स्पूल अडकलाय.

बोल्ट काढून वॉल्व्ह बाहेर घेतला. बॅटरीवरून एक-दोन सेकंदच सप्लाय द्यायचा, जास्त वेळ दिला तर कॉइल जळतो. टक् आवाज यायला पाहिजे, स्पूल पूर्ण सरकून परत यायला पाहिजे. इथं अर्ध्यातच थांबला. बाहेर निघाला तो गाळ, आणि ऑइल येण्याच्या वाटेवरची जाळी पण भरलेली.

क्लीनरनं धुतल्यावर स्पूल मोकळा झाला. नवीन ओ-रिंग, तिला थोडं ऑइल, कंपनीच्या ग्रेडचं नवीन ऑइल आणि फिल्टर. कोड पुसून स्कॅनरवर कॅमचा मागितलेला अँगल आणि प्रत्यक्ष अँगल शेजारी ठेवून गाडी पळवायची. दोन्ही सोबत हलत असतील तर काम झालं, नसतील तर पुढचा संशय फेजर आणि टायमिंग चेनवर.