तीन लाखांच्या गाडीत किती सेन्सर हवेत?

पावसाळ्यात ताम्हिणी घाटातून कोकणात उतरणाऱ्या एखाद्या नव्या मोटरसायकलच्या पुढच्या चाकाकडे जवळून पाहिले, तर ब्रेकच्या डिस्कजवळ खाचा पाडलेले एक पातळ कडे दिसते. त्या कड्याला जेमतेम न टेकणारा काळ्या आवरणातला एक सेन्सर तिथे बसवलेला असतो, आणि चाक फिरताना आपल्यासमोरून किती खाचा किती वेगाने गेल्या याची नोंद तो सतत घेत असतो. ओल्या वळणापाशी समोर अचानक गाय आली आणि चालकाने घाबरून ब्रेक आवळला, की चाक जाम होऊ लागते आणि खाचांचा वेग एकदम पडतो. त्याच क्षणी एबीएसची यंत्रणा ब्रेक ऑइलचा दाब किंचित सोडते, पुन्हा धरते, पुन्हा सोडते. चालकाच्या बोटांना ब्रेकच्या दांडीत थरथर जाणवते आणि गाडी घसरून आडवी न होता थांबते.

लांब पल्ल्याच्या, म्हणजेच टूरिंगच्या, मोटरसायकलींवर आज इतकी इलेक्ट्रॉनिक्स लादलेली आहेत की ग्राहक गाडीचे नव्हे तर कम्प्युटरचे पैसे मोजतो, अशी तक्रार गॅरेजपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे ऐकू येते. तक्रारीत तथ्य आहे. परंतु ती ज्या वस्तूवर केली जाते तिथे ते सापडत नाही, असे आम्हांला वाटते.

मोटरसायकलवर एबीएस प्रथम आले ते 1988 मध्ये, बीएमडब्ल्यूच्या के-100 मालिकेतील गाड्यांवर. ती यंत्रणा सुमारे 11 किलो वजनाची होती आणि ती श्रीमंतांची चैन समजली जात असे. पुढे 2013 मध्ये बॉश कंपनीने गाडी वळणात किती कलली आहे हे ओळखून ब्रेकचा दाब ठरवणारी यंत्रणा आणली आणि ती सर्वप्रथम केटीएमच्या 1190 अ‍ॅडव्हेंचर या महागड्या गाडीवर बसली. गाडीचा कल सेकंदाला शंभराहून अधिक वेळा मोजणारा तिचा सेन्सर, मोबाइल आडवा धरताच पडद्यावरचे चित्रही आडवे होते ते ज्या प्रकारच्या सूक्ष्म चिपमुळे, त्याच प्रकारच्या चिपवर चालतो. अशा चिपा जगभर प्रचंड संख्येने तयार होऊ लागल्या आणि त्यांची किंमत कोसळली. परिणामी जानेवारी 2020 मध्ये, बजाजच्या चाकणच्या कारखान्यात तयार झालेली केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचर 2 लाख 99 हजार रुपयांना बाजारात आली, तेव्हा वळणातले एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे जोर दिल्यावर मागचे चाक जागीच घसरून फिरू न देणारी यंत्रणा, या दोन्ही गोष्टी तिच्यात होत्या. त्याच्या सात वर्षे आधी जे तंत्र परदेशातल्या महागड्या गाड्यांवर होते, ते पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर तयार होऊन भारतीय ग्राहकाच्या दारात आले.

हे तंत्र किमतीत नेमकी किती भर घालते, याचा अंदाज त्याच गाडीच्या पुढच्या पिढीवरून बांधता येतो. 2025 मध्ये नव्या 390 अ‍ॅडव्हेंचरचा ‘एक्स’ नावाचा स्वस्त अवतार 2 लाख 91 हजार रुपयांना आला, आणि त्यात बरीचशी इलेक्ट्रॉनिक्स गाळलेली होती. काही महिन्यांतच कंपनीने त्यात क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय), ट्रॅक्शन कंट्रोल, वळणातले एबीएस आणि निरनिराळे राइडिंग मोड घातले, तेव्हा किंमत 3 लाख 3 हजार झाली. म्हणजे फरक अवघा 12 हजारांचा. याउलट मोठ्या अवतारासाठी 3 लाख 68 हजार मोजावे लागत होते, आणि त्या वरच्या 65 हजारांतला बराचसा पैसा तारांच्या चाकांत आणि हवे तसे घट्ट-सैल करता येणाऱ्या सस्पेन्शनमध्ये जात होता. लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, स्प्रिंगा आणि तेल यांचा खर्च अजूनही चिपेच्या खर्चाहून कितीतरी मोठा आहे, ही गोष्ट शोरूममधल्या झगमगत्या पडद्यासमोर उभे राहिल्यावर विसरली जाते.

शिवाय किमतीत कर मिसळलेला असतो, आणि त्याच्याकडे तक्रार करणाऱ्याचे लक्ष क्वचितच जाते. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलींवर जीएसटी 40 टक्के झाला; त्याआधी अधिभारासह तो 31 टक्के होता. एक्स-शोरूम 3 लाखांच्या अशा गाडीत केवळ जीएसटी सुमारे 86 हजारांचा असतो, आणि राज्याचा वाहनकर व विमा त्यानंतर येतात. 350 सीसीच्या आतल्या गाडीवर हाच कर 18 टक्के आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये टीव्हीएसने 299 सीसीची अपाचे आरटीएक्स 1 लाख 99 हजारांच्या आरंभीच्या किमतीत आणली, आणि क्रूझ कंट्रोल, ट्रॅक्शन कंट्रोल, रंगीत टीएफटी पडदा हे सारे तिच्यातही आहे. इलेक्ट्रॉनिक्समुळेच गाड्या महागल्या, हा दावा या एका गाडीसमोर फारसा टिकत नाही.

तरीही उपयोगाचा प्रश्न उरतोच. गाडीवर असलेल्या प्रत्येक सोयीला एकाच तागडीत तोलता येणार नाही.

फ्यूएल इंजेक्शनचे उदाहरण घ्या. लडाखमधली खारदुंग ला ही खिंड 5,300 मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल जेटच्या ठरलेल्या भोकातून येते, पण त्याच्याबरोबर जाळायला पुरेसा प्राणवायू नसतो. मग इंजिन गुदमरते, सायलेन्सरमधून काळा धूर निघतो आणि चालक रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून स्क्रू पिळत राहतो. इंजेक्शनची यंत्रणा हवेचा दाब आणि तापमान मोजून पेट्रोल आपसूक कमी करते. शक्ती घटते, ती घटणारच, परंतु गाडी बंद पडत नाही. एप्रिल 2020 मध्ये धुराच्या प्रदूषणाबाबतचे बीएस-6 नियम लागू झाल्यावर ही यंत्रणा नव्या गाड्यांवर जवळजवळ अपरिहार्य झाली, आणि तिच्याविरुद्ध आज कोणी फारसे बोलत नाही. जुन्या गाड्यांच्या आठवणींनी हळवे होणारे सोडून.

एबीएसची गोष्टही तीच. भारतात 125 सीसीपेक्षा मोठ्या सर्व दुचाकींवर ते एप्रिल 2019 पासून सक्तीचे आहे. महामार्ग सुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या संस्थेने एबीएस असलेल्या आणि नसलेल्या मोटरसायकलींची तुलना केली, तेव्हा एबीएस असलेल्या गाड्यांमध्ये जीवघेण्या अपघातांचे प्रमाण सुमारे 22 टक्क्यांनी कमी आढळले. ज्या देशात 2022 या एका वर्षात रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे दगावली आणि त्यांतली जवळपास 44 टक्के दुचाकीवरची होती, तिथे या सेन्सरच्या किमतीबद्दल घासाघीस करणे आम्हांला पटत नाही. ट्रॅक्शन कंट्रोलबाबत मात्र मतभेदाला जागा आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये आलेल्या रॉयल एनफील्ड हिमालयन 450 मध्ये ते नाही. 40 अश्वशक्तीच्या गाडीला त्याची फार गरज नाही, असे म्हणणारे चालक अनेक आहेत आणि कोरड्या रस्त्यापुरते त्यांचे म्हणणे बरोबरही आहे.

आता क्रूझ कंट्रोल. थ्रॉटलची केबल जाऊन तिच्या जागी विजेच्या तारा आल्या, की क्रूझ कंट्रोलसाठी एक बटण आणि थोडे सॉफ्टवेअर लागते. म्हणून ते इतक्या झपाट्याने स्वस्त गाड्यांपर्यंत पोहोचले. पण एकसारख्या वेगाने मैलोगणती जाता येईल असे महाराष्ट्रातले रस्ते कोणते? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. नागपूर ते मुंबई या 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावरही बंदी आहे. अटल सेतूवरही तेच. बटण दाबून मनगट सैल सोडावे असे जे रस्ते आपण बांधले, त्यांच्या तोंडाशीच दुचाकीला मज्जाव करणारी पाटी उभी आहे, आणि क्रूझ कंट्रोलचे पैसे भरलेला चालक जुन्या महामार्गावर ट्रॅक्टर, एसटी आणि उलट्या दिशेने येणाऱ्या रिक्षा चुकवत जातो. डुकाटीने 2020 मध्ये मल्टिस्ट्राडा व्ही-4 वर पुढे आणि मागे रडार बसवले आणि समोरच्या वाहनाशी अंतर राखून वेग आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा दिली. जर्मनीतल्या महामार्गांवर तिचा उपयोग निश्चित होत असेल. पण आपल्याकडे अशी रडारवाली गाडी घेणाऱ्याने आपल्या नेहमीच्या वाटा नकाशावर एकदा पाहून घ्याव्यात.

पडद्याबद्दलचे आमचे मत याहून कडक आहे. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे 44 मीटर पुढे जाते, आणि हातमोजा घातलेल्या अंगठ्याने मेनूत एक पायरी खाली उतरायला तेवढा वेळ सहज लागतो. हिमालयनच्या गोल पडद्यावर गुगलचा नकाशा दिसतो, ही कल्पना देखणी आहे. मात्र तो नकाशा येतो चालकाच्या फोनमधून, फोनमधल्या अ‍ॅपमधून आणि वाय-फायच्या जोडणीतून. लडाखमध्ये तर महाराष्ट्रातले प्रीपेड सिम चालतच नाही, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घेतला नसेल तर तिथे पडद्यावर फार काही दिसण्याची आशा नको. गाडीचे इंजिन नीट सांभाळले तर पंधरा वर्षे चालते. अ‍ॅपचे आयुष्य मात्र फोनच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर नव्याने ठरते.

ग्राहकाच्या मनात खरी अढी बसवणारा प्रकार मात्र वेगळाच आहे. केटीएमच्या 890 अ‍ॅडव्हेंचरसारख्या काही मोठ्या गाड्यांवर पहिले 1,500 किलोमीटर सगळ्या ऐच्छिक सोयी चालू असतात. त्यानंतर त्या बंद होतात आणि हव्या असल्यास पैसे भरून सॉफ्टवेअरने उघडून घ्याव्या लागतात. सेन्सर गाडीत आहेत, तारा आहेत, बटणेही आहेत, आणि त्या सगळ्याचे वजन मालकच वाहून नेतो आहे. फक्त कुलूप कंपनीचे आहे. गाडीची किंमत सुट्या भागांच्या खर्चावरून ठरत नाही आणि ग्राहक किती देईल यावरून ठरते, हे तत्त्व व्यापारात जुनेच आहे. परंतु ते इतक्या उघडपणे हँडलवर बसवलेले यापूर्वी क्वचितच दिसले असेल.

दुरुस्तीचा भाग राहिला. घाटातल्या चिखलाने मागच्या चाकाजवळचा सेन्सर लिंपला गेला, की एबीएसचा पिवळा दिवा पेटतो. बाटलीभर पाणी आणि एक जुना फडका एवढ्यावर तो पुष्कळदा विझतो, पण हे माहीत नसलेला चालक घाबरून टोइंगला फोन लावतो. दिवा विझलाच नाही, तर मात्र प्रश्न वाढतो. गावातला मेकॅनिक क्लचची केबल बदलू शकतो, चेन ताणू शकतो, प्रसंगी तारेने सायलेन्सर बांधूनही देतो. परंतु गाडीतल्या कम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचण्याचे यंत्र बहुधा अधिकृत सर्व्हिस सेंटरकडेच असते, आणि ते हिमाचलमधल्या काझापासून किंवा गगनबावड्यापासून किती दूर असेल याचा विचार गाडी निवडताना फारसा होत नाही. पडदा फुटला तर तो सहसा सुटा दुरुस्त होत नाही, पूर्ण बदलावा लागतो. 12 हजारांची इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त आहेत ती नव्या गाडीत. सातव्या-आठव्या वर्षी, वॉरंटी संपल्यावर, तीच सुट्या भागांच्या दराने घ्यावी लागतात.

म्हणून शोरूममध्ये बसल्यावर मायलेज आणि पिकअप यांच्याबरोबर आणखी चार गोष्टी विचाराव्यात. पूर्ण पडद्याची आणि चाकाजवळच्या सेन्सरची आजची किंमत किती, ते सुटे भाग त्या गाडीचे उत्पादन बंद झाल्यावरही किती वर्षे मिळतील, मागचे एबीएस बंद केले तर किल्ली फिरवल्यावर ते पुन्हा आपोआप चालू होते का, आणि फोन अजिबात न जोडता गाडीतल्या कोणकोणत्या सोयी चालतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याला तिथल्या तिथे चाचणीच्या गाडीवर दाखवायला सांगावे, आणि ते दाखवत असताना आपला फोन खिशातच ठेवावा.