पोकळ गिटारवर व्हायब्रेटो टेलपीस बसवताना

मंडळी, हॉलो-बॉडी (पोकळ अंगाच्या) गिटारवर व्हायब्रेटो टेलपीस, म्हणजे तारा शेपटाकडे धरणारा आणि आर्म (दांडा) हलवून सूर वर-खाली करणारा भाग, बसवायचा विषय निघाला की पहिला प्रश्न एकच येतो: सूर टिकेल का? प्रश्न जुना आहे. गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस यांच्या गिब्सन एल-10 गिटारवर कॉफमन व्हायब्रेटो होता. आर्म हलवला की तारा पुन्हा सुरात येत नसत. ते दुरुस्तीसाठी त्यांनी कॅलिफोर्नियातल्या डाउनीच्या कारागीर पॉल बिग्सबी यांच्याकडे दिलं आणि त्यातून बिग्सबी यांनी स्वतःचंच नवं यंत्र घडवलं. म्हणजे सूर परत यावा म्हणूनच जन्मलेल्या यंत्राला आज सूर सुटण्याचा बोल लागतो. माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक वेळा दोष त्याचा नसतो. टेलपीस लाकडात कसा धरलाय आणि तार नटमधून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) व ब्रिजवरून (पाट्यावर तारा टेकतात तो आधार) किती सहज सरकते, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं.

आधी मॉडेल. बिग्सबीचं बी-7 दिसायला देखणं आहे आणि ईएस-335 सारख्या अर्धपोकळ गिटारवर शोभतंही. पण ते मागच्या टोकाला धरलेलं असतं तसंच वरच्या पाट्यातही स्क्रूने धरलेलं असतं. 335 च्या पोटात मध्यभागी भरीव ठोकळा असतो, तो ते स्क्रू पेलतो. पूर्ण पोकळ गिटारमध्ये तिथे काही मिलिमीटर जाडीचं प्लायवुड असतं आणि खाली हवा. स्क्रू काही दिवस धरतो, मग भोक मोठं होतं, पाटा उचलला जातो, आणि नंतरची दुरुस्ती मूळ कामाच्या कितीतरी पट होते. पूर्ण पोकळ गिटारला बिजागरीवर टांगलेलं मॉडेलच घ्यावं: पातळ अंगाच्या गिटारला बी-3, मोठ्या जाड अंगाच्या आर्चटॉपला (कमानदार पाट्याच्या गिटारला) बी-6. दोन्हींमध्ये तारा खाली दाबणारा रोलरही नाही, त्यामुळे ब्रिजवरचा कोन सौम्य राहतो. पाट्यावरचा भार बेताचा राहतो आणि तार सरकायलाही सोपं जातं.

बिजागरीची पट्टी गिटारच्या शेपटाला स्क्रूने बसते. तिथे आत टेल ब्लॉक असतो, वरचा आणि मागचा पाटा जोडणारा भरीव लाकडाचा तुकडा. पोकळ गिटारच्या मागच्या भागात तारांचा ओढा पेलायला तेवढीच जागा आहे. ड्रिल हातात घेण्याआधी एफ-होलमधून (वरच्या पाट्यातल्या एफ आकाराच्या भोकातून) छोटा आरसा आणि दिवा घालून तो ठोकळा किती रुंद आहे ते बघा. बोटाच्या गाठीने बाहेरून टकटक केली तरी कळतं. आवाज भरीव येतो तिथपर्यंत ठोकळा आहे. पट्टीच्या कडेचा एखादा स्क्रू ठोकळ्याबाहेर पडत असेल तर तो नुसत्या पातळ बाजूच्या लाकडात जाणार. अशा वेळी आतून ठोकळा रुंद करून घ्यावा किंवा ती पट्टी त्या गिटारला नको.

तारा काढण्यापूर्वी ब्रिजच्या चारही बाजूंना मास्किंग टेप लावून जागा आखून ठेवा. पोकळ गिटारचा ब्रिज बहुधा नुसत्या तारांच्या दाबाने उभा असतो. तारा सुटल्या की तो सुटला आणि इंटोनेशनही (मानेवर सगळीकडे सूर बरोबर येणं) सुटलं. टेप नायट्रो लॅकरवर (एक नाजूक रोगण) रात्रभर राहू देऊ नका, काढताना लॅकर सोबत येतं. जुना ट्रॅपीझ टेलपीस काढताना त्याच्याखाली एक वायर दिसेल. ती ग्राउंडची. तिला बाहेर टेपने चिकटवून ठेवा, कारण आत घसरली तर एफ-होलमधून ती परत काढताना जीव जातो.

आता मध्यरेषा. वरच्या पाट्याचा जोड दिसतो म्हणून त्यावर भरवसा ठेवू नका. मान किंचित तिरकी बसलेली असते तेव्हा पाट्याची मध्यरेषा आणि तारांची मध्यरेषा एक नसते. बिजागरीची पट्टी टेपने तात्पुरती चिकटवा, टेलपीसचा सांगाडा जागेवर ठेवा आणि पहिली व सहावी तार नटपासून टेलपीसपर्यंत ताणून धरा. सोबत कोणी धरायला असेल तर उत्तम, नाहीतर साधा शिवणाचा दोरा लावला तरी चालतो. आता फिंगरबोर्डच्या कडेपासून दोन्ही तारांचं अंतर बघा, विशेषतः शेवटच्या फ्रेट्सपाशी (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या). दोन्ही बाजूंना सारखं दिसेपर्यंत पट्टी डावी-उजवी सरकवा. शेपटापाशी एखादा मिलिमीटर चुकला तरी वरच्या फ्रेट्सवर पहिली तार बोटाखालून कडेबाहेर घसरते. सांगाड्याखालचं फेल्ट पाट्यावर सपाट टेकतंय का, धातू कुठे घासत नाही ना, हेही याच वेळी पाहून घ्या.

भोकं पाडण्याचं काम दहा मिनिटांचं, पण लॅकरचे टवके इथेच उडतात. टोकदार टोच्याने खूण करा, ड्रिल आधी उलटं फिरवून लॅकर कापा आणि मग सुलटं चालवा. पायलट भोक स्क्रूच्या आट्यांमधल्या दांड्याएवढं असावं. 3.5 मिमीच्या स्क्रूला मेपलसारख्या टणक लाकडात साधारण 2.5 मिमी. खोली किती हवी तिथे बिटवर टेप गुंडाळा. स्क्रूला मेण लावून हातानेच पिळा, मशीनने नाही. जुनी भोकं नव्या भोकांच्या अगदी शेजारी येत असतील तर आधी टणक लाकडाची खुंटी गोंदाने बसवा आणि पूर्ण वाळू द्या. पट्टी कसण्याआधी ग्राउंड वायरचं 2 सेंटीमीटर टोक सोलून, तंतू पसरून तिच्याखाली दाबा. मग मल्टिमीटरचं एक टोक तारेला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या भागाला लावा. रोध जवळजवळ शून्य दिसला पाहिजे. तसा दिसत नसेल तर पट्टीमागचं लॅकर वायरखाली खरवडा. हे चुकलं तर ॲम्पमध्ये गुणगुण येते आणि तारांना हात लावूनही ती कमी होत नाही.

तारा चढवताना बहुतेकांचा धीर सुटतो, म्हणून हे जरा सावकाश बघू. शाफ्टला, म्हणजे तारा अडकवायच्या फिरत्या दांड्याला, खाली पिना असतात. तारेच्या टोकाची पितळी गोळी पिनेवर अडकवायची, तार शाफ्टच्या मागून वळवून वरून ब्रिजकडे आणायची. ताण येईपर्यंत गोळी पिनेवरून सटकतच राहते. उपाय साधा आहे. तार लावण्याआधी गोळीपाशी तिला पेन्सिलीभोवती दाबून अर्धगोल वाक द्या. गोळी पिनेवर बसली की शाफ्टखाली फोमचा छोटा तुकडा सारा, तो गोळीला जागेवर धरून ठेवतो. पुढच्या बाजूला कॅपो (मानेवर तारा दाबून धरणारा चिमटा) लावून तार पकडा आणि मग सूर लावायची खुंटी फिरवा. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत. जास्त वेढे म्हणजे आर्म हलवल्यावर सैल-घट्ट होणारी जास्त तार. सहाही तारा सुरात आल्या की फोम काढून घ्या. तारा 10 किंवा 11 च्या संचातल्या घ्या (आकडा पहिल्या तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागांत). रोलर नसलेल्या मॉडेलवर 9 चा संच ब्रिजवर पुरेसा दाबच देत नाही, तार खाचेत थरथरते.

स्प्रिंगची उंची आर्मची उंची ठरवते. आर्म फार खाली येत असेल तर स्प्रिंगखाली एखादा वॉशर घाला किंवा जास्त उंचीची स्प्रिंग लावा. 20 ते 25 मिमीच्या दरम्यान वेगवेगळ्या मिळतात. या यंत्राकडून सौम्य हेलकाव्याचीच अपेक्षा ठेवावी, साधारण एका पूर्ण सुराच्या आतबाहेर. तारा लोळेपर्यंत आर्म दाबणं हे त्याचं काम नाही.

ब्रिजचा पाय पाट्याच्या उतारावर पूर्ण टेकला पाहिजे. पाट्यावर सँडपेपर दाणेदार बाजू वर करून ठेवा आणि त्याच जागी ब्रिज पुढे-मागे घासा, आधी 120 नंबर, मग 240. पाय घसरतच असेल तर त्याच्या दोन्ही टोकांखाली पातळ डबल-साइड टेपचा तुकडा लावा. पाट्यात पिन ठोकून ब्रिज कायमचा रोवण्याची घाई करू नका. आधी इंटोनेशन नक्की करा: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता हलकेच स्पर्शून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर एक यायला हवेत. सॅडलच्या (ब्रिजवर तारा टेकतात तो भाग) खाचांच्या कडा गुळगुळीत करा. रोलर ब्रिज किंवा खांबांवर किंचित झुलणारा ब्रिज असेल तर काम सोपं होतं.

आणि आता नट, जिथे बहुतेक भांडण मिटतं. आर्म दाबून सोडला आणि तार चढलेली राहिली, तर काय घडलं? आर्म दाबल्यावर वाजणाऱ्या भागातला ताण उतरला, खुंटीकडच्या भागातला तसाच राहिला, म्हणून तार नटमधून थोडी खुंटीकडे ओढली गेली. आर्म सुटल्यावर तिने परत यायला हवं होतं, पण खाचेत अडकली. आता ती तार बोटाने एकदा बेंड करून (आडवी खेचून) सोडा. सूर जागेवर आला तर समजा तार नटमध्ये किंवा ब्रिजवर अडकते आहे, आणि खुंटी फिरवून काही साधणार नाही. तिसरी तार यात सर्वांत आधी सापडते. खाच तारेच्या जाडीपेक्षा 0.05 मिमी एवढीच रुंद हवी, तळ गोल हवा आणि खुंटीच्या दिशेने उतरता हवा. मापाच्या नट-कानशीने दोन-तीन हलके हात मारा, पेन्सिलीचं शिसं घासा आणि पुन्हा तपासा. खोली वाढू देऊ नका, मोकळी तार पहिल्या फ्रेटवर घासू लागते. ट्यून करताना 'टिंग' असा आवाज येणं बंद झालं की खाच मोकळी झाली.

नव्या तारा ताणून बसायला वेळ घेतात, म्हणून शेवटचा निकाल दुसऱ्या दिवशी लावा. त्याच वेळी पट्टीचे स्क्रू एकदा तपासा आणि इंटोनेशन पुन्हा बघा. शाफ्टच्या दोन्ही टोकांना नीडल बेअरिंग असतात. तिथे वर्षातून एकदा सुईच्या टोकाने हलक्या तेलाचा थेंब सोडा, आणि तेल लाकडावर ओघळणार नाही म्हणून खाली कापड ठेवा.