जुनी सीआय बुलेट घेऊन लांब जाताय? आधी तापमानाचं गणित समजून घ्या

नमस्कार मंडळी.

माझ्या मागे उभी आहे ती साडेतीनशेची जुनी बुलेट. बिडाच्या सिलिंडरची, गॅरेजवाले जिला सीआय म्हणतात ती. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, चार गिअर आणि किक. या गाडीबद्दल मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच: "ही घेऊन गोव्याला जाता येईल का, की रस्त्यात बसेल?"

जाता येतं. डबलसीट, सामान बांधून जाता येतं. पण एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. ही गाडी जुनी झाली म्हणून बसत नाही, तापली म्हणून बसते. आज मी जे जे सांगणार आहे, तेल, पॉइंट, टॅपेट, पेट्रोल, घाट, ते सगळं फिरून तापण्यापाशीच येतं.

आधी इंजिन समजून घेऊ. १९४० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये तयार झालेला हा आराखडा. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली, तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात गाड्या बनू लागल्या, आणि थोडेफार बदल होत हेच इंजिन २०१० च्या आसपासपर्यंत चाललं. ३४६ सीसी. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर. म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्यात पिस्टन १८० मिलिमीटर धावतो. लांब स्ट्रोकमुळे खालच्या फेऱ्यांवर ओढ छान मिळते, पण जोरात पळवली की पिस्टनची धावपळ फार होते. ताकद साधारण १८ बीएचपी. बस, एवढीच.

[क्लोजअप: सिलिंडरच्या फिन्स]

हा सिलिंडर बिडाचा आणि आतला पिस्टन ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. शिवाय बीड उष्णता सावकाश सोडतं. घरातला बिडाचा तवा गॅस बंद केल्यावर किती वेळ गरम राहतो, ते आठवा. आता एप्रिलच्या दुपारी, समोरून वारा, मागे माणूस आणि सामान, आणि तुम्ही तासाभरापासून ऐंशीवर चालवताय. पिस्टन फुगत जातो, सिलिंडर त्या मानाने कमी फुगतो, मधली जागा संपते. इंजिन सीझ होतं, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून जाम होतो.

मग वेग किती ठेवायचा? मी ५५ ते ६५ सांगतो आणि त्यावर ठाम आहे. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ६० वरून ८० ला गेलात की फक्त हवेशी झगडायलाच सव्वादोन पटींहून जास्त ताकद लागते. आणि जेवढी ताकद, तेवढी उष्णता. गाडी ऐंशीला जाते, नव्वदही दाखवते. पण तिथे जाणं वेगळं आणि तिथे तासभर राहणं वेगळं.

आणि सीझ व्हायच्या आधी गाडी सांगते. ॲक्सिलरेटर तेवढाच, पण ओढ कमी होते, कुणीतरी मागून हलकाच ब्रेक लावल्यासारखं वाटतं. त्या क्षणी क्लच दाबा, ॲक्सिलरेटर सोडा, डावीकडे घ्या. सावलीत अर्धा तास उभी करा. सिलिंडरवर पाणी ओतू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी नाही. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो.

आता तेल. २०डब्ल्यू५०, साधं मिनरल. या इंजिनात तेल क्रँककेसमधल्या वेगळ्या टाकीत असतं. एक पंप ते पुढे ढकलतो, दुसरा परत आणतो. गाडी आठवडाभर उभी राहिली की तेल हळूहळू झिरपून क्रँकच्या बाजूला उतरतं. तुम्ही सकाळी दांडी बघता, तेल कमी दिसतं, तुम्ही पाव लिटर ओतता. गाडी सुरू झाली की खाली उतरलेलं तेल परत येतं, आता तेल जास्त होतं, इंजिनाच्या ब्रीदर नळीतून बाहेर फेकलं जातं, सायलेन्सरमधून धूर निघतो. आणि मग कुणीतरी म्हणतं, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोला! अहो, रिंगा धडधाकट असतात. गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणा, बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग दांडी बघा. प्रवासात रोज संध्याकाळी, गाडी लावल्यावर, हीच तपासणी.

तेल बदलताना फिल्टर बदला. बदलल्यावर लगेच सुरू करून धूम ठोकू नका. प्लग काढून बऱ्याच किका मारा, सिलिंडरच्या वरच्या हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या पाइपचा बोल्ट जरा सैल करा आणि तिथून तेल येताना डोळ्यांनी बघा. या इंजिनाच्या बिग एंडला, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडला जातो त्या जागी, बऱ्याच वर्षांच्या गाड्यांत तरंगता बुश असतो, बेअरिंग नाही. त्याला सतत तेल लागतं. कोरडा फिरला की संपला.

[कॅमेरा डिस्ट्रिब्युटरच्या झाकणावर]

आता पॉइंट. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण रस्त्यात उभ्या राहिलेल्या जुन्या बुलेटची दुखणी बहुतेक वेळा याच डबीत असतात.

झाकण काढलं की दिसतो तो सीबी पॉइंट, म्हणजे उघडला की प्लगला ठिणगी पाडणारा छोटा स्विच. इंजिन किकने सावकाश फिरवा, पॉइंट पूर्ण उघडेल तिथे थांबा. फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. फीलर गेज खिशात मावतो, महाग नसतो, ठेवाच. आता नीट ऐका. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून घासून झिजते. टाच झिजली की फट कमी होते. फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतो, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल जळता जळता एक्झॉस्ट वाल्व्ह उघडतो, ताकद जाते आणि हेड, सायलेन्सरचा बेंड, सगळं भट्टीसारखं तापतं. गाडी चालू असते, आवाज गोड असतो, कुणाला काही कळत नाही. तुम्ही म्हणता आज चढ ओढत नाही, आणि ॲक्सिलरेटर अजून पिळता. पुढचं मघाशी सांगितलंच.

म्हणून निघायच्या आधी फट बघा, आणि नवीन पॉइंट बसवला असेल तर दोन-तीनशे किलोमीटरवर पुन्हा बघा, कारण नवीन टाच सुरुवातीला लवकर बसते. कॅमला ग्रीसचा अगदी बारीक ठिपका लावा. जास्त लावलंत तर ते पॉइंटवर उडतं.

पॉइंट उघडताना त्यात मोठ्या पिवळ्या ठिणग्या उडत असतील तर त्या दाबून ठेवणारा कंडेन्सर गेलाय. कंडेन्सर बरेचदा गरम झाल्यावर दगा देतो. गार असताना गाडी झकास, तासाभराने बंद, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू. असं झालं की कार्ब्युरेटर खोलत बसू नका, आधी कंडेन्सर बदला. एक पॉइंट आणि एक कंडेन्सर, दोन्ही घरी बसवून तपासलेले, मग काढून पिशवीत ठेवलेले. दुकानातून आणलेलं कोरं पाकीट तसंच घेऊन निघू नका. बाजारात सुमार माल भरपूर आहे आणि ते घाटात कळलं तर उपयोग नाही.

काही जण म्हणतात, हे सगळं काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा. शहरात रोज चालवायला चांगलं आहे. पण लांबच्या प्रवासाला मी पॉइंटच ठेवेन. आजऱ्याच्या स्टँडवरचा मिस्त्री पॉइंट घासून देईल. बंद पडलेल्या मोड्युलचं तो काय करणार?

टॅपेट, म्हणजे वाल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचं सेटिंग. उजव्या बाजूला सिलिंडरच्या तळाशी हे छोटं झाकण आहे. इंजिन पूर्ण गार हवं, रात्रभर उभं असलेलं उत्तम. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, दोन्ही वाल्व्ह बंद. आता पुशरॉड, म्हणजे वाल्व्हकडे जाणारी उभी दांडी, दोन बोटांत धरून फिरवा. सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. एवढंच माप. लॉकनट आवळल्यावर पुन्हा फिरवून बघा, आवळताना सेटिंग सरकतं. आवाज नको म्हणून टॅपेट घट्ट करणारे पुष्कळ लोक आहेत. इंजिन शांत होतं खरं, पण एक्झॉस्ट वाल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. वाल्व्ह आपली उष्णता सीटला टेकूनच सोडतो, त्याला टेकूच दिलं नाही तर तो जळणारच. थोडी टकटक चालेल, हो.

पेट्रोलचा विषय आता टाळता येत नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या उसाच्या पट्ट्यातून आलेलं इंधन आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. नव्या गाड्या सेन्सरने हिशोब जुळवतात. आपल्या कार्ब्युरेटरचा जेट म्हणजे पितळेतलं ठरावीक भोक, त्याला काही कळत नाही. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी, आणि पातळ मिश्रण म्हणजे पुन्हा उष्णता. सलग साठवर पंधरा-वीस मिनिटं चालवून, क्लच दाबून गाडी तिथेच बंद करा आणि प्लग काढा. कॉफीचा रंग, ठीक. पांढराफटक, तर मेन जेट एक नंबर मोठा घाला. पेट्रोलचा जुना रबरी पाइप फुगलेला, मऊ पडलेला दिसला तर बदला. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करा. इथेनॉल पाणी ओढतं, ते पाणी टाकीच्या तळाशी साचतं आणि गंज धरतो.

बाकीचं पटापट सांगतो. हवा मी पुढे २०, मागे एकट्याला २८, डबलसीट ३२ ठेवतो. चेन, माणूस बसवून, सगळ्यात ताठ जागी बोटभर ढिली हवी. क्लचची नवी केबल जुन्या केबलच्या बाजूनेच ओवून, टाय लावून ठेवा. तुटली की फक्त टोकं बदलायची, टाकी काढायला नको. इंजिनाचे फाउंडेशन नट, सायलेन्सरचा नट, नंबरप्लेट, रोज सकाळी हात लावून बघा. ही गाडी थरथरते, नट सैल होतात, त्यात नवल नाही. आणि कागद: पंधरा वर्षं झाली की आरसी आपोआप चालू राहत नाही, आरटीओत गाडी दाखवून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. इन्शुरन्स, पीयूसी सोबत.

[गाडीवर बसून]

आता चालवणं. पुणे, सातारा, कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, पणजी. साधारण साडेचारशे किलोमीटर. नवी गाडी एका दिवसात जाते. या गाडीला दोन दिवस द्या, कोल्हापूर किंवा आजऱ्याला मुक्काम करा. पहाटे निघा आणि उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन चालवूच नका.

खंबाटकीचा चढ लागायच्या आधीच तिसरा गिअर टाका. चौथ्यात धकधक करत, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून चढवणं हा बिग एंडवरचा सगळ्यात मोठा अन्याय आहे. फेऱ्या कमी, म्हणजे पंप तेल कमी देतो, आणि भार पूर्ण. गिअर उतरवा, इंजिनाला मोकळं फिरू द्या. वर पोहोचलात की लगेच बंद करू नका, उतारावर थोडं हलकं चालू द्या, मग थांबा.

आंबोलीचा घाट तुम्ही जाताना उतरणार. ड्रम ब्रेक आहेत, सतत दाबून धरले तर तापून पकड सोडतात. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, वेग इंजिनाला धरू द्या, ब्रेक थोडा वेळ ठाम दाबा आणि पूर्ण सोडा. पावसाळ्यात तिथे धुकं आणि शेवाळ दोन्ही असतं, शिवाय ओला ड्रम पहिल्या दाबाला काहीच करत नाही. वळणाच्या बरंच आधी एकदा दाबून कोरडा करून घ्या.

एक गोष्ट मात्र फार कळकळीने सांगतो. तुम्ही रोज डाव्या गिअरची गाडी चालवत असाल तर या गाडीवर घाबरल्या क्षणी तुमचा उजवा पाय ब्रेक शोधेल आणि गिअर दाबेल. सरळ चालताना सवय झाल्यासारखी वाटते, पण अचानक कुत्रं आडवं आलं की पाय जुन्या जागी जातो. घाटात जायच्या आधी चांगले काही दिवस फक्त हीच गाडी चालवा, रिकाम्या मैदानावर जोरात ब्रेक मारायचा सराव करा, आणि पुढच्या ब्रेकवर दोन बोटं कायम असू द्या. हाताचा ब्रेक दोन्ही गाड्यांना उजवीकडेच असतो.

विदर्भात, मराठवाड्यात मे महिन्याच्या उन्हात सीआय चालवणाऱ्यांनी खाली जरूर लिहा: मेन जेट कोणत्या नंबरचा आहे, आणि प्लगचा रंग कसा येतोय. तुमचे आकडे आले की फक्त जेटिंगवर वेगळा व्हिडिओ करतो.