दहा पैशांचा हिशेब आणि पावलाची लांबी

मित्रहो, अभियांत्रिकीच्या मुलांशी बोलताना एक प्रश्न हमखास येतो आणि आज नागपुरातल्या या सभागृहातही तो मागच्या रांगेतून आलाच : "सर, मिहानमध्ये नोकरी करायची तर कोडिंग आले म्हणजे पुरे, मग एम-थ्री कशासाठी?" (मिहान म्हणजे नागपूरचा उद्योग-परिसर आणि एम-थ्री म्हणजे तिसऱ्या सत्राचे गणित.) प्रश्न प्रामाणिक आहे, कारण वेबसाइटचा फॉर्म तयार करणाऱ्याला दिवसभरात एकही इंटिग्रेशन सोडवावे लागत नाही, हे खरे आहे. तरीही प्रोग्राम कुठे चुकेल हे तो चालवण्यापूर्वी सांगू शकणारे साधन आपल्याजवळ एकच आहे, ते म्हणजे गणित, असे मी अनुभवावरून म्हणतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी इतवारीतील एका किराणा व्यापाऱ्यासाठी रोजमेळाचा प्रोग्राम लिहिला होता. रकमा रुपयांत, दशांश चिन्ह देऊन साठवल्या होत्या. संध्याकाळी रोकड जुळवताना मशीन 'ताळा जुळत नाही' असा इशारा देई आणि स्क्रीनवर मात्र दोन्ही रकमा तंतोतंत सारख्या दिसत. दोन रात्री मी कोडची एकेक ओळ तपासली. ओळी बरोबर होत्या; संख्या साठवण्याची रीतच त्या कामाला योग्य नव्हती.

नववीला आपण शिकतो की, अतिसंक्षिप्त अपूर्णांकाच्या छेदाचे मूळ अवयव 2 आणि 5 एवढेच असतील तरच त्याचे दशांश रूप खंडित असते. संगणक द्विमान पद्धतीत, म्हणजे 0 आणि 1 या दोनच अंकांनी, मोजतो; तेथे छेदात फक्त 2 चालतो. म्हणून एक दशांश ही साधी संख्या तेथे 0.0001100110011… अशी न संपता लांबत जाते आणि संगणकाला ती कुठेतरी तोडावी लागते. नेहमीच्या 64 बिटांच्या पद्धतीत 0.1 दहा वेळा मिळवून पाहा; उत्तर 1 येत नाही, 0.9999999999999999 येते. एक पैशापासून नव्याण्णव पैशांपर्यंतच्या रकमांपैकी केवळ 25, 50 आणि 75 पैसे रुपयांच्या रूपात अचूक साठवता येतात. हे लक्षात आल्यावर मी सगळा हिशेब पूर्ण पैशांत, पूर्णांकांत केला आणि ताळा जुळू लागला.

व्यापाऱ्याचे नुकसान काही पैशांचे होते, परंतु 25 फेब्रुवारी 1991 रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे याच अपूर्णांकाने माणसे मारली. पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत होते आणि तो दहावा भाग 24 बिटांत तोडलेला होता. यंत्रणा सुमारे 100 तास अखंड चालल्यावर ही चूक साठत साठत 0.34 सेकंदांवर गेली. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. ते अडवले गेले नाही आणि 28 सैनिकांचा मृत्यू झाला.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळू. तेथे नियम माणूस लिहून देत नाही. उदाहरणे पाहून नियमातील संख्या मशीनने शोधायच्या असतात. कळमन्याच्या बाजारात आडत्या संत्रे हातात घेऊन भाव सांगतो, तसे मशीनला शिकवायचे आहे असे समजू आणि आकडे सोयीचे घेऊ. फळ मोठे, 200 ग्रॅमचे, म्हणजे शंभर ग्रॅमच्या मापाने वजन 2. खरा भाव 10 रुपये. मशीनने वजनाला एका गुणकाने गुणून भाव सांगायचा. गुणक 3 धरून सुरुवात केली तर भाव 6 येतो, चूक 4. चुकीच्या वर्गाचे गुणकाच्या सापेक्ष विकलन केले, म्हणजे गुणक बदलला की तो वर्ग किती वेगाने बदलतो हे काढले, की उणे 16 मिळतात, म्हणजे गुणक वाढवला की चूक घटते. या 16 ला ज्या छोट्या संख्येने गुणून गुणक सरकवायचा, ती पावलाची लांबी. ती 0.05 ठेवली तर गुणक 0.8 ने वाढून 3.8 होतो, भाव 7.60 येतो आणि चूक 2.4 उरते. पुढच्या पावलाला ती 1.44 होते.

एखाद्याला घाई झाली आणि त्याने पावलाची लांबी 0.3 ठेवली, तर गुणक एकदम 7.8 वर उडी घेतो आणि भाव 15.60 येतो. चूक आता पलीकडच्या बाजूला 5.6 आहे, त्यापुढे 7.84, आणि ती वाढतच जाते. कोड दोन्ही वेळा अक्षरशः तोच आहे. वहीवर बीजगणित मांडले तर दिसते की, दर पावलाला चूक (1 − 8 × पावलाची लांबी) पट होते, म्हणून लांबी 0.25 च्या आतच असली पाहिजे. हा 8 वजनाच्या वर्गाच्या दुपटीतून आला आहे. वजन ग्रॅममध्ये, म्हणजे 200 असे भरले, तर 8 च्या जागी 80000 येतात आणि मर्यादा 0.000025 इतकी खाली जाते. प्रोजेक्टच्या आदल्या रात्री स्क्रीनवर 'नॅन' (NaN, म्हणजे 'ही संख्याच नाही') उमटले म्हणून रडकुंडीला आलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांतील कित्येकांनी केवळ माप बदलले असते तरी काम झाले असते.

उताराच्या दिशेने पाऊल टाकण्याची ही रीत फ्रेंच गणिती कोशी यांनी 1847 मध्ये मांडली, तीही ग्रहगोलांच्या कक्षांची समीकरणे सोडवण्यासाठी. एकापुढे एक थर असलेल्या कृत्रिम चेताजाळ्यात (न्यूरल नेटवर्कमध्ये) तीच रीत वापरायची तर प्रत्येक थराचे विकलन साखळी नियमाने, म्हणजे एकात एक गुंतलेल्या सूत्रांची विकलने गुणत, मागे न्यावे लागते. रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या 1986 च्या शोधनिबंधामुळे हे तंत्र सर्वांच्या हाती आले.

एम-थ्रीचे उत्तर अजून राहिले. आजची भाषा-मॉडेल्स ज्या ट्रान्सफॉर्मर रचनेवर उभी आहेत, ती 2017 मध्ये मांडली गेली. तीत शब्दांना संख्यांच्या रांगांचे रूप देतात आणि दोन रांगांचा अदिश गुणाकार करून, म्हणजे जोडीजोडीने गुणून बेरीज घेऊन, कोणत्या शब्दाने कोणाकडे किती लक्ष द्यावे हे ठरवतात. रांगेतील संख्या परस्परांपासून स्वतंत्र, सरासरी 0 आणि प्रचरण (व्हेरियन्स, म्हणजे संख्या सरासरीभोवती किती पसरल्या आहेत याचे माप) 1 असलेल्या मानल्या, तर 64-64 संख्यांच्या दोन रांगांच्या अदिश गुणाकाराचे प्रचरण 64 होते. गुणाकार इतके पसरले की पुढील पायरीत जवळजवळ सगळे लक्ष एकाच शब्दाला मिळते, विकलन शून्यालगत जाते आणि शिकणे थांबते. म्हणून त्या रचनाकारांनी प्रत्येक गुणाकाराला 64 च्या वर्गमुळाने, म्हणजे 8 ने, भागले. प्रचरणाची बेरीज करण्याचा हा नियम तुमच्या एम-थ्रीच्या संभाव्यतेच्या प्रकरणात आहे.

फळ्यावरचे 0.25 मी पुसत नाही. 3 च्या जागी दुसरा कोणताही गुणक घेऊन पाहा, मर्यादा तीच राहते. ती का बदलत नाही हे कोणी वहीवर करून दाखवले, तर मी येथे थांबलेला आहे.