दोन ठिकाणची मुलं, एकच फोटो

शिक्षक मित्रांनो, दोन शाळांनी मिळून फोटोंचा उपक्रम करायचा ठरलं की बहुधा काय होतं, हे तुम्ही पाहिलेलं आहे. दोन्हीकडची मुलं आपापली शाळा, मैदान, वर्ग यांचे फोटो काढतात. ते एका फोल्डरमध्ये जमा होतात. मुलं एकमेकांचे फोटो बघतात, ‘छान’ म्हणतात आणि उपक्रम संपतो. अशा उपक्रमाला मी एक साधी कसोटी लावतो. एका शाळेच्या मुलांनी फोटो काढलेच नसते, तर दुसऱ्या शाळेच्या फोटोंमध्ये काही फरक पडला असता का? पडला नसता, तर दोन उपक्रम शेजारी शेजारी झाले, एकत्र काम झालंच नाही.

एकत्र काम कशाला म्हणतात, हे फिल्मच्या रोलवर फार चांगलं कळतं. एक जण छत्तीस फोटोंचा सगळा रोल काढतो, तो गुंडाळून दुसऱ्या शहरातल्या जोडीदाराला टपालाने पाठवतो, आणि जोडीदार त्याच फिल्मवर पुन्हा फोटो काढतो. दोघांच्या चौकटी एकावर एक नेमक्या बसाव्यात म्हणून फिल्म कॅमेऱ्यात भरताना तिच्यावर खूण करून ठेवतात. प्रकाशाची बेरीज होणार असते, म्हणून दोघंही तो थोडा कमी घेतात. पहिल्या फोटोत जिथे काळोख आहे, तिथेच दुसऱ्याचं चित्र नीट उमटतं. जिथे आधीच लखलखीत आभाळ आहे, तिथे दुसऱ्याने काहीही टिपलं तरी ते दिसत नाही. त्यामुळे आधी फोटो काढणाऱ्याला आपल्या चौकटीत दुसऱ्यासाठी जागा सोडावी लागते, तीही कधी न पाहिलेल्या मुलासाठी. आज फिल्म नसली तरी बिघडत नाही. फोटो जुळवण्याच्या बहुतेक अॅपमध्ये दोन फोटो असे एकमेकांत मिसळता येतात. मात्र पहिला फोटो आधी पाठवायचा आणि दुसरा तो बघून काढायचा, हा क्रम मोडू नका.

दुसरा प्रयोग विज्ञानाच्या शिक्षकांना आवडेल. विषुवदिनी, म्हणजे दिवस आणि रात्र जवळपास सारखी असते त्या दिवशी, दोन्ही शाळांनी एक मीटर उंचीची काठी सपाट जमिनीवर सरळ उभी करायची आणि आपापल्या मध्यान्ही तिच्या सावलीचा फोटो काढायचा. घड्याळातले बारा इथे उपयोगाचे नाहीत, सावली सर्वांत आखूड होते तो क्षण धरायचा. वीस अक्षांशावर ही सावली सुमारे ३६ सेंटिमीटर भरते, साठ अक्षांशावर सुमारे १७३. एकट्या फोटोत फक्त काठी आणि सावली दिसते. दोन फोटो शेजारी ठेवले आणि दोन शाळांमधलं उत्तर-दक्षिण अंतर माहीत असलं, तर पृथ्वीच्या परिघाचा हिशेब मांडता येतो. एराटोस्थेनिस या प्राचीन ग्रीक विद्वानाने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी याच तत्त्वावर तो मांडला होता. आता फोटो तुलनेला चालायचे असतील, तर कॅमेरा कुठे धरायचा आणि चौकटीत मोजपट्टी कशी ठेवायची, हे मुलांना आधी आपसात ठरवावं लागतं. माझ्या मते उपक्रमातली सर्वांत मोलाची बोलणी हीच.

विषय देताना आपण फार ढिलाई करतो. ‘माझी शाळा’ असं सांगितलं की शाळेच्या फाटकाचे फोटो येणारच. १९३५ नंतरच्या दशकात अमेरिकन सरकारच्या एका विभागासाठी रॉय स्ट्रायकर अनेक छायाचित्रकारांना देशभर पाठवत असे. काय काय टिपायचं याची बारीक टिपणं तो त्यांना लिहून देई. लोक संध्याकाळी घरी काय करतात, कुठे जमतात, असे त्यातले विषय. मुलांनाही असंच नेमकं काही द्या. शाळेत एकटं बसावंसं वाटलं तर तू कुठे बसतेस? कोणतं दार कायम बंद असतं? आणि हे प्रश्न तुम्ही काढू नका, समोरच्या शाळेच्या मुलांना काढू द्या. ज्याने प्रश्न विचारला, तो उत्तराचा फोटो लक्ष देऊन बघतो.

फोटोओळीचंही तसंच. छायाचित्रकार वेंडी इवाल्ड यांनी १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या डरॅम शहरात शाळकरी मुलांसाठी फोटो आणि लेखन यांची सांगड घातलेला उपक्रम सुरू केला. मुलं आधी स्वतःबद्दल लिहीत, मग फोटो काढत, मग पुन्हा लिहीत. दोन शाळांमध्ये याला एक जोड देता येते. फोटो ओळीविना पाठवायचा आणि पहिली ओळ समोरच्याने लिहायची. समजा, रिकाम्या मैदानाचा फोटो बघून तिकडचा मुलगा ‘सुट्टीचा दिवस’ असं लिहितो, आणि काढणारीला सांगायचं असतं, ‘आज सगळ्यांच्या आधी मी पोहोचले.’ दोन्ही ओळी फोटोखाली राहू द्या. आपला फोटो काय सांगत नाही, हे मुलीला त्या पहिल्या ओळीतूनच कळतं, आणि पुढचा फोटो ती वेगळा काढते.

साधनांबद्दल माझं मत ठाम आहे. एका शाळेकडे महागडे कॅमेरे आणि दुसरीकडे पाच मुलांत एक मोबाइल असेल, तर दोघांनीही मोबाइल वापरावा. नाहीतर एक शाळा आपोआप ‘चांगले फोटोवाली’ ठरते आणि दुसरी गप्प होते. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर तो आक्रसतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पण तसं केलं की फोटोत दडलेली ठिकाणाची माहितीही त्याच्यासोबत जाते, आणि मुलाचं घर कुठे आहे ते अनोळखी माणसाला कळू शकतं. कॅमेऱ्यातली ती सोय पहिल्याच दिवशी बंद करा. पालकांची संमती लेखी घ्या, आणि ज्याचा चेहरा दिसतो त्या मुलाला वेगळं विचारा, कारण पालकांचा होकार हा त्याचा होकार नसतो.

प्रदर्शन दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी लावा, त्याच फोटोंचं, आणि प्रत्येक जोडीखाली दोन्ही नावं सारख्याच अक्षरांत असू द्या. मुलांची पूर्ण नावं देण्याची गरज नाही. भिंतीवर फोटो लागेपर्यंत कोणत्याही मुलाला आपला फोटो मागे घेता आला पाहिजे. त्याचं कारण विचारू नका, आणि जोडीदाराला नवा फोटो काढायला वेळ मिळेल एवढे दिवस हाताशी ठेवा.