नशीबवान म्हणण्याआधी

कार्यक्रमपत्रिकेवर भाषणाचा विषय छापलाय 'यश आणि दैव'. तो येईलच, पण आधी जॉन बकिंगहॅम, इंग्लंडचा एक जॉकी. कुणी नाव ऐकलंय? नाही ना, वाटलंच होतं. आपली रेसशी ओळख महालक्ष्मी नाहीतर पुण्याची, तिथं घोडे सपाट पळतात. इंग्लंडात लिव्हरपूलजवळ एन्ट्री नावाच्या रेसकोर्सवर जी ग्रँड नॅशनल होते, तिच्यात सात किलोमीटरच्या आसपास पळायचं आणि वाटेत तीस कुंपणं ओलांडायची. तिथं जिंकणं नंतरचं, आधी खोगिरावर टिकायचं.

8 एप्रिल 1967. घोडे चव्वेचाळीस. त्यातल्या फॉइनाव्हनला एकास शंभर भाव, म्हणजे त्याच्या जिंकण्याची आशा जवळजवळ कुणालाच नाही. प्रशिक्षक जॉन केम्प्टन एरवी स्वतःच त्याच्यावर बसायचा, पण यावेळी त्याचं वजन ठरलेल्या मर्यादेत बसेना. इतर जॉकींनी नकार दिला, म्हणून काम सव्वीस वर्षांच्या बकिंगहॅमकडे आलं. त्यानं ही रेस कधी केलेलीच नव्हती. केम्प्टन त्या दिवशी वुस्टरला दुसऱ्या घोड्यावर स्वार झाला होता. मालकही रेसकोर्सवर नव्हते. हसा, हसा, अजून आहे. या घोड्याची एक सोबतीण होती, सुझी नावाची बकरी.

तेविसावं कुंपण अगदी ठेंगणं, साडेचार फुटांचं. पहिल्याच कुंपणावर स्वार गमावलेला पॉपहॅम डाउन मोकळा पळत होता. तो इथं अचानक आडवा फिरला आणि घोड्यांची रांगच्या रांग थांबली. काही थबकले, काही उलटे वळले, काही कुंपणात अडकले, जॉकी जमिनीवर. मागून येणाऱ्या बकिंगहॅमनं वेग आवरला, कडेला फट दिसली तिथून वाट काढली आणि जवळजवळ थांबलेल्या घोड्याला उडी मारायला लावली. पुढं सात कुंपणं, सोबतीला कुणी नाही. मागून हनी एंड हा पैजांमध्ये सर्वांत पसंतीचा घोडा दुसऱ्या प्रयत्नात कुंपण ओलांडून पाठलागाला लागला होता. फॉइनाव्हन पंधरा घोड्यांच्या लांबीइतक्या अंतरानं जिंकला.

माझी तक्रार इथंच आहे. या माणसाबद्दल कुठंही वाचा, एका ओळीत निकाल: नशीबवान. अहो, नशिबानं फट दाखवली असेल, पण तिच्यातून घोडा काय नशिबानं नेला? माझ्याशी वाद घालणारे रेसशौकीन म्हणतात, 'मागं होता म्हणून वाचला.' बरं, मागं तो एकटाच होता का? मागचे बाकीचे का नाही निसटले? ते बघत बसले, यानं लगाम सांभाळला.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवलीये, पाच मिनिटं. म्हणजे तुम्हाला कबूल केलेला विषय आता धावतपळत. दैव म्हणजे संधी, हे कुणालाही मान्य. संधी सापडली तेव्हा हात तयार असणं ही वेगळी गोष्ट, आणि आपण दोन्हींची गल्लत करतो, कारण दुसऱ्याच्या कसबापेक्षा त्याचं दैव मान्य करणं सोपं जातं. हरलेल्याला तर फारच सोपं. तिसरा मुद्दा सोडतो.

बकिंगहॅमची कारकीर्द 1971 मध्ये आटोपली. पुढची तीसेक वर्षं त्यानं भावासोबत जॉकींच्या खोलीत इतरांची खोगिरं, बूट, स्वारीच्या विजारी सांभाळल्या. अडलेल्या त्या कुंपणाला 1984 मध्ये नाव दिलं, तेही घोड्याचं.