एक खाली, एक वर

खुल्या समुद्रात श्वास रोखून भाल्याने मासा मारणाऱ्याला लोक हटकून शार्कबद्दल विचारतात. मुरलेल्या शिकाऱ्याला धास्ती असते ती स्वतःच्याच श्वासाची.

पाण्याखाली जीव कासावीस होतो, तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. बुडीपूर्वी भराभर खोल श्वास घेतले, की हा वायू घटतो, पण ऑक्सिजन फारसा वाढत नाही. साठा तेवढाच राहतो आणि धोक्याची सूचना मात्र उशिरा मिळते. त्यातच २० मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागावरच्या तिप्पट असल्याने फुप्फुसांतला उरलासुरला ऑक्सिजनही तिथे पुरतो. वर येताना दाब उतरत जातो, शेवटच्या १० मीटरमध्ये तो निम्म्यावर येतो, आणि शुद्ध हरपते ती बहुधा इथेच किंवा डोके पाण्याबाहेर आल्यावर काही सेकंदांत. पूर्वसूचना अनेकदा मिळतच नाही.

म्हणून एक खाली असताना दुसऱ्याने वरच थांबायचे असते. दोघेही एकदम माशामागे गेले, तर ते सोबत असूनही एकटेच. वर आलेल्यावर निदान अर्धा मिनिट नजर ठेवावी लागते. तो बेशुद्ध झालाच, तर सोबती त्याच्या कमरेचा शिशाचा पट्टा सोडतो, तोंड पाण्यावर धरतो, मास्क काढतो, गालावर थोपटत, चेहऱ्यावर फुंकर मारत त्याला नावाने हाक देतो. तरीही श्वास सुरू झाला नाही, तर तोंडाने श्वास देणे आणि मदत बोलावणे, यात क्षणाचाही विलंब चालत नाही.

किनाऱ्यापासून दूर तळ दिसत नाही, त्यामुळे किती खोल गेलो याचा अंदाज सहज चुकतो. भाला लागलेला मोठा ट्यूना दोरासकट खोल धाव घेतो; त्या ओढीत आपणही खेचले जाऊ नये म्हणून तो दोर पाण्यावरच्या तरंगत्या बोयाला बांधतात, आणि दोर पायात अडकलाच तर कापायला हाताशी सुरी ठेवतात. बोयावर झेंडाही हवा, कारण बोटचालकाला पाण्यातले डोके दिसेलच असे नाही. भालाबंदूक पाण्यात उतरल्यावरच ताणायची आणि बोटीवर चढण्यापूर्वी तिचा ताण उतरवायचा. तिच्या सुरक्षा-खटक्यावर विसंबणे म्हणजे शुद्ध निष्काळजीपणा.

आणि हो, शार्क. रक्ताळलेला मासा कमरेला लटकवून पोहणे हे त्याला आमंत्रणच आहे.

भाल्याची शिकार निवडक असते, हा या छंदाचा आवडता बचाव आहे. तो खरा ठरतो, तो शिकारी नेम सोडून द्यायला तयार असेल तरच. ग्रूपरच्या अनेक जाती आधी मादी असतात आणि वाढल्यावर त्यांतले काही नर होतात. दर वेळी सर्वांत मोठाच मासा टिपला, तर नरांची संख्या घटते. उष्ण कटिबंधातील प्रवाळखडकांवरच्या मोठ्या शिकारी माशांत सिग्वाटॉक्सिन हे विषही साठू शकते आणि ते शिजवल्याने जात नाही. म्हणून असा मासा कुणाच्या ताटात वाढण्यापूर्वी तिथल्या मच्छीमारांना विचारणे, हेही भाला धरणाऱ्याचेच काम आहे.